रेघ ओलांडणारा चट्टा

गोचीड चावल्यावर एक-दोन दिवसांत तिथे लहानशी लाली आली, तर ती बहुतेक वेळा नुसत्या चाव्याची असते आणि आपोआप ओसरते. गोचिडीच्या चाव्यातून जिवाणू शिरून होणाऱ्या लाइम रोगाच्या चट्ट्याला अशी घाई नसते. तो ३ ते ३० दिवसांनी, बहुधा आठवड्याभराने उगवतो आणि मग पसरतच जातो. शंका आली तर कडेने पेनाने रेघ मारून ठेवावी. लाली रेघेबाहेर सरकत चालली असेल, तर डॉक्टरांना गाठायचं. चट्टा हाताला जरा कोमट लागतो, पण सहसा दुखत नाही, फारसा खाजतही नाही. काखेत, जांघेत किंवा गुडघ्यामागे असला तर दिसतही नाही.

चित्रांत नेहमी कड्यात कडं असलेला, नेमबाजीच्या लक्ष्यासारखा चट्टा दाखवतात. त्या चित्रांनी घोळच जास्त घातलाय. बरेच चट्टे सलग लाल असतात. सावळ्या-काळ्या त्वचेवर तर मुका मार लागल्यासारखे जांभळट दिसतात. चावलेली गोचीड आठवावी हीसुद्धा अपेक्षा नको, कारण तिची लहान अवस्था खसखशीच्या दाण्याएवढी असते.

स्वीडनचे त्वचारोगतज्ज्ञ आर्विड अफझेलियस यांनी १९०९ मध्येच या पसरत्या चट्ट्याचं नातं गोचिडीशी जोडलं होतं. त्यामागचा बोरेलिया हा जिवाणू सापडायला १९८० चं दशक उजाडलं.

औषधाने बरं झाल्यावर पुन्हा चट्टा उठला, तर पहिला विचार येतो, ‘जुनंच उलटलं!’ अमेरिकेत याचा छडा लावला गेला. १७ रुग्णांच्या दोन्ही वेळच्या चट्ट्यांतले, किंवा रक्तातले, जिवाणू ताडून पाहिले, तर प्रत्येक वेळी वाण वेगळा निघाला. म्हणजे संसर्ग नवा, गोचीडही नवी. २०१२ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. गोवर एकदा होऊन गेला की सहसा पुन्हा होत नाही, तसं इथे नाही: एका वाणाविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडं दुसऱ्या वाणाला अडवतीलच असं नाही.

रक्ततपासणीचा इथे फारसा उपयोग नाही. पहिल्या खेपेला चट्टा ताजा असताना प्रतिपिंडं पुरेशी तयार झालेली नसतात, त्यामुळे अहवाल बऱ्याचदा निगेटिव्ह येतो. दुसऱ्या खेपेला जुनीच प्रतिपिंडं वर्षानुवर्षं रक्तात रेंगाळलेली असतात, म्हणून तो पॉझिटिव्ह आला तरी नवं काही कळत नाही. म्हणूनच गोचिडींच्या भागात जाऊन आलेल्या माणसाचा ठसठशीत चट्टा पाहून डॉक्टर अहवालासाठी न थांबता प्रतिजैविक सुरू करतात, दुसऱ्या खेपेलाही.