'इश लीबऽ डिश' की 'इश हाब डिश लीप'?

इंग्रजीतलं 'आय लव्ह यू' आईला चालतं, बायकोला चालतं आणि फोन ठेवता ठेवता मैत्रिणीलाही चालतं. जर्मनमध्ये आणायला गेलं की त्याची दोन वाक्यं होतात, आणि नवशिके नेमके तिथेच घसरतात.

'इश लीबऽ डिश' हे वजनदार. प्रियकर-प्रेयसीचं, नवराबायकोचं; नव्या ओळखीत सहसा कुणी ते घाईने बोलत नाही. 'इश हाब डिश लीप'मधलं 'लीप' हे विशेषण, लाडका किंवा प्रिय अशा अर्थाचं. म्हणजे साधारण 'तू माझा लाडका आहेस'. आजी नातवाला, बहीण भावाला, मैत्रीण मैत्रिणीला हे म्हणते. एसएमएसच्या काळात पोरांनी त्याचं 'एचडीएल' केलं. माया उतू चालली असेल तर 'एचडीजीडीएल', म्हणजे मधे 'गान्त्स डोल', अगदी खूप.

सीमा पक्की नाही. आईबाप मुलांना 'लीबऽ डिश'ही म्हणतात, आणि नुकतं जुळलेलं जोडपं आधी 'हाब डिश लीप'वरच रेंगाळतं. पण 'लीबऽ डिश'ला उत्तर म्हणून 'हाब डिश लीप' आलं, तर समोरच्याने काय ते ओळखावं.

उलट्या दिशेचं भाषांतर, म्हणजे 'हाब डिश लीप' इंग्रजीत आणणं, जास्त अवघड. 'आय ॲम फाँड ऑफ यू' अर्थाने चूक नाही, पण आजीच्या तोंडी घातलं की ती आजीच राहत नाही, शेजारच्या बंगल्यातली शिष्ट बाई होते. मी 'आय' गाळून नुसतं 'लव्ह यू' लिहीन. कर्ता गेला की वाक्य हलकं होतं, घरगुती होतं.

इतर काही ठिकाणी मात्र इंग्रजी बाजूला ठेवून मराठीवरून गेलेलं बरं. 'आय मिस यू'साठीचं 'डू फेल्स्ट मिअर' आपल्या 'तुझी मला उणीव भासते'च्या जवळचं: 'मिअर' म्हणजे 'मला'. 'मला गरम होतंय' हेही 'मिअर इस्ट हाइस'. इंग्रजीच्या 'आय ॲम हॉट'वरून 'इश बिन हाइस' जुळवून कुणी भर वर्गात खिडकी उघडायला सांगितली, तर खिडकी राहते बाजूला आणि वर्ग हसत सुटतो, कारण त्याचा अर्थ 'मी कामातुर आहे' असाही होतो.