परदेशी पैशाने पुणं घडवलं?

फॉरवर्ड जुनाच आहे: ‘1991 आधी पुणे हे पेन्शनरांचं गाव होतं, परदेशी पैसा आला आणि अख्खं शहर उभं राहिलं.’ 1991 म्हणजे देशाने परदेशी गुंतवणुकीला दारं उघडली ते साल. तसं वाटणं साहजिक आहे, कारण हिंजवडीच्या आयटी पार्कमधल्या काचेच्या इमारती डोळ्यांत भरतात.

पण क्रम उलटा लावून बघा. पेनिसिलीनचा सरकारी कारखाना पिंपरीत 1950च्या दशकातच आला होता. मागोमाग वाहन उद्योग आला. पिंपरी-चिंचवडला 1970 साली नगरपालिका आणि 1982 साली महानगरपालिका झाली, तीही कारखान्यांभोवतीच्या वस्तीमुळे. भोसरीच्या गल्लीबोळांत फिरा. लेथवर सुटे भाग कातणाऱ्या कितीतरी वर्कशॉपच्या पाट्यांवर 1991 आधीचं साल सापडेल. कुशल फिटर, टर्नर आणि माल पुरवणारे आयते मिळतात म्हणून तर परदेशी कंपन्या पुढे चाकणला आल्या. त्यांनी वाढीचा वेग वाढवला, हे मात्र खरं.

आता ‘अख्खं शहर’. पैसा चाकण, हिंजवडी, खराडी अशा मोजक्या ठिकाणी साचला. त्याच हिंजवडीत सोसायट्यांपुढे पाण्याचे टँकर उभे असतात, आणि जिल्ह्यातल्याच भोर-वेल्हे या ग्रामीण तालुक्यांतली पोरं अजून कामासाठी शहर गाठतात.

आकडे तपासताना एक मेख असते. परकीय गुंतवणुकीचे सरकारी आकडे राज्यवार मिळतात, शहरवार नाही. शिवाय चालू कंपनीचे शेअर परदेशी कंपनीने विकत घेतले, तरी ती गुंतवणूकच धरतात. त्यातून नवी शेड उभी राहतेच असं नाही.