शरद जोशींना आदरांजली वाहताना चांदवड का आठवायचं

शेतकरी संघटनेचे संस्थापक शरद जोशी गेले १२ डिसेंबर २०१५ ला, पुण्यात. दरवर्षी ती तारीख आली की कांदा, ऊस, कापूस, शेतमालाचा भाव सगळं निघतं आणि ते निघायलाच पाहिजे, पण गावातल्या बाईला पंचायतीच्या खुर्चीपर्यंत न्यायला या माणसाने जे केलं ते एका ओळीत उरकलं जातं, याचं खरंच वाईट वाटतं. म्हणून मागचं जरा सांगतो.

स्वित्झर्लंडला बर्नमधली चांगली नोकरी सोडून ते चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू शेती करायला आले, मग १९८० च्या आसपास कांदा आणि उसाची आंदोलनं पेटली. रास्ता रोकोत बायका मोठ्या संख्येने उतरल्या, तुरुंगातही गेल्या. आंदोलनाला बायका चालतात मग निर्णयाला का नाही, हा प्रश्न तिथूनच पुढे आला.

तोपर्यंत परिस्थिती काय होती, तर पंचायतीत एक-दोन बायका कोऑप्ट करून, म्हणजे निवडणुकीशिवाय नेमून घ्यायच्या, बस. निवडून येणारी बाई विरळाच.

नोव्हेंबर १९८६ मध्ये नाशिक जिल्ह्यात चांदवडला शेतकरी महिला आघाडीचं, म्हणजे शेतकरी संघटनेतल्या बायकांच्या आघाडीचं, अधिवेशन भरलं. शेतीच्या ऐन कामाच्या दिवसांत लाखांनी बायका आल्या, आणि यातल्या कितीतरी माहेर-सासर आणि बाजार सोडून कधी कुठे गेलेल्या नव्हत्या. तिथे ठरलं की पंचायत राजच्या निवडणुकीत सगळ्या जागांवर बायकाच उभ्या करायच्या. तीस टक्के नाही, निम्म्या नाही, सगळ्या! झेडपीच्या निवडणुका तेव्हा आधीच रखडलेल्या होत्या, त्या झाल्या थेट १९९२ ला, पण ग्रामपंचायती १९८९ मध्ये लागल्या आणि जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरसारख्या काही गावांनी पूर्ण पंचायतच बायकांची निवडून दिली. त्यानंतर १९९० मध्ये राज्याने स्थानिक संस्थांत ३० टक्के आरक्षण आणलं, देशाची ७३ वी घटनादुरुस्ती लागू झाली ती १९९३ ला. म्हणजे आरक्षण वरून आलं असं आपण म्हणतो, पण इथे गावातल्या बायका कायद्याच्या आधी पोचल्या होत्या, आणि हे श्रेय त्यांचं आहेच, जोशींचंही आहे.

पण माझ्या मते त्यांचं खरं मोठेपण त्याच्या पुढचं आहे, ते म्हणजे लक्ष्मीमुक्ती. सातबारा काढून बघा. पहाटेपासून निंदणी, खुरपणी, कापूस वेचणी बाईच्या अंगावर, आणि उताऱ्यावर नाव नवऱ्याचं. तिचं नाव लागायचं ते बहुतेक वेळा तो गेल्यावर, वारस म्हणून. जोशींनी पुरुषांनाच सांगितलं की घरच्या लक्ष्मीचं ऋण आहे ते फेडा, जिवंतपणी जमिनीचा तुकडा तिच्या नावावर करा. गावातल्या शंभर घरांनी असं केलं की ते लक्ष्मीमुक्तीचं गाव, आणि तिथे ते स्वतः जायचे. नवरा आपल्या पायाने तलाठ्याकडे जाऊन बायकोचं नाव चढवतोय, हे गावाने डोळ्यांनी पाहिलं. नावावर काहीच नसलेली बाई सरपंच झाली तरी घरी गेल्यावर तिचं कोण ऐकणार, हे त्यांना कळलेलं होतं.

आता एक गोष्ट बरेच जण विचारतात आणि ती लपवायचं कारण नाही. ९ मार्च २०१० ला राज्यसभेत लोकसभा-विधानसभांसाठीचं महिला आरक्षण विधेयक १८६ विरुद्ध १ मतांनी पास झालं, तो एक म्हणजे शरद जोशी. त्यांचा आक्षेप बायकांच्या जागांना नव्हता, दर निवडणुकीला मतदारसंघ फिरवण्याला होता, कारण आज राखीव असलेली जागा पुढच्या वेळी नसेल तर निवडून आलेली बाई तिथे पाय रोवणार कधी? मला त्यांचं मत तेव्हा पटलं नव्हतं, आजही पूर्ण पटत नाही, विधेयक आधी होऊ द्यायला हवं होतं असंच वाटतं, तरी मतदान करणारे बाकी सगळे एका बाजूला असताना एकट्याने उभं राहायला जे लागतं ते त्यांच्याकडे होतं.

आणि रावेरी. यवतमाळ जिल्ह्यातलं हे गाव, तिथे सीतेचं जुनं मंदिर आहे. लोक सांगतात की वनवासात टाकलेली सीता इथे बाळंत झाली, मूठभर गहू मागायला दारोदार गेली आणि गावाने दिला नाही. जोशींनी त्या मंदिराचा जीर्णोद्धार करवला. तिथे राम नाही, एकटी सीताच आहे.