सलामीवरचं यूव्ही आणि हापूसवरचं विकिरण

कोल्ड स्टोरेजच्या दुकानात सलामीचं पाकीट हातात घेतलं की कुणीतरी हमखास म्हणतं, "याच्यावर किरणं मारतात म्हणे." कुठली किरणं, हे मात्र कुणी सांगत नाही. यूव्ही म्हणजे अतिनील, की गॅमा? दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

मुळात शिजवलेल्या मांसावर हा खटाटोप कशाला? सलामी किंवा हॅम कारखान्यात शिजतं तेव्हा लिस्टेरिया हा जिवाणू मरतो. तो परत येऊन चिकटतो नंतर, स्लायसरच्या पात्यावरून, पॅकिंगच्या टेबलावरून. शिवाय फ्रिजच्या थंडीतही तो वाढत राहतो आणि आपण स्लाइस तशीच सँडविचमध्ये घालतो. दक्षिण आफ्रिकेत 2017-18 मध्ये पोलोनी नावाच्या अशाच तयार मांसातून साथ पसरली. हजाराहून जास्त लोक आजारी पडले, 200 हून जास्त दगावले.

यूव्ही म्हणजे घरच्या वॉटर प्युरिफायरमधल्या नळीतलाच प्रकार, साधारण 254 नॅनोमीटरचा. तो जंतूच्या डीएनएमधले थायमिन नावाचे शेजारशेजारचे घटक एकमेकांना चिकटवून टाकतो, मग जंतूची वाढ खुंटते. गंमत म्हणजे पुढे साधा उजेड मिळाला तर काही जंतू ही मोडतोड दुरुस्तही करतात. पण यूव्हीची खरी अडचण वेगळीच. ते उन्हासारखं आहे, सावलीत त्याचं काही चालत नाही. एक स्लाइस दुसरीवर चढली, कडेला घडी पडली, बारीकशा खाचेत चरबी साचली, की तिथले जंतू सुखरूप. साधी काच ते ओलांडत नाही, म्हणून दिव्याची नळी क्वार्ट्झची करतात. पाकिटाचं प्लास्टिकही बऱ्याचदा आड येतं, त्यामुळे पाकीट बंद करण्याआधीच मारलेलं बरं. मांसावर साधारण 90 ते 99 टक्के जंतू कमी होतात. आकडा भारदस्त वाटतो, पण लाखातले हजार उरले तरी ते 99 टक्केच झाले. मारा वाढवावा तर चरबीला खवट वास येतो. त्यामुळे याला 'निर्जंतुक' म्हणणं मला पटत नाही. स्लायसरचं पातं घासण्यातून यूव्हीमुळे सुटका नाही.

गॅमाचं काम वेगळं. लासलगावच्या 'कृषक' केंद्रात गॅमा किरणं सोडणाऱ्या कोबाल्ट-60 या किरणोत्सारी धातूपुढून कांदा जातो, आंबा जातो. 2007 मध्ये हापूस अमेरिकेला गेला तो इथूनच. ही किरणं खोक्यासकट आरपार जातात. म्हणजे पाकीट सील करून मग मारता येतात, त्यानंतर मालाला कुणाचा हात लागत नाही. आंब्यातल्या किड्यांसाठी 400 ग्रे (किरणांची मात्रा मोजायचं एकक) पुरतात, मांसातल्या लिस्टेरियाला हजारांत लागतात. यूव्हीचं बटण बंद केलं की काम संपलं. कोबाल्ट बंद होत नाही, म्हणून जाड काँक्रीटच्या भिंती आणि परवान्यांचं लचांड. यातलं कुठलंच अन्नाला किरणोत्सारी करत नाही. गॅमा मारलेल्या, म्हणजे विकिरणित, मालाच्या पाकिटावर हिरवं गोल 'रडूरा' चिन्ह असतं.

आणि दुकानाच्या भिंतीवर जाळीमागे जळणारा निळा दिवा? त्याचा जंतू मारण्याशी संबंध नाही. त्याचं यूव्ही 365 नॅनोमीटरच्या आसपासचं असतं, ते फक्त माश्यांना बोलावतं.