भरल्या पोटी पोहलं की बुडतो?

पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलेली आमची पिढी एक वाक्य ऐकतच मोठी झाली : ‘जेवून पाण्यात उतरू नकोस, पोटात गोळा येऊन बुडशील.’ आता बेळगाव-खानापूरकडची पोरं तलावावर स्पर्धेची तयारी करतात आणि आज्ज्या त्यांना पहाटे उपाशीच धाडतात.

जेवणानंतर आतड्याकडे रक्त थोडं जास्त वळतं, हे खरं. पण हातपाय लुळे पडावेत इतकं नाही. अमेरिकन रेड क्रॉसच्या वैज्ञानिक सल्लागारांनी २०११ साली उपलब्ध अभ्यास तपासले. जेवण्यामुळे बुडण्याचा धोका वाढतो याला त्यांना आधार सापडला नाही. भरपेट भाकरी-आमटीवर जोरात पोहलं तर मळमळेल, उलटी होईल, वेळही वाईट लागेल. म्हणून मोठं जेवण दोन-तीन तास आधी.

पण रात्रभर उपाशी पोर दीड तास सराव कशावर करणार? निघताना केळं किंवा दोन खजूर पुरे, आल्यावर पोटभर नाश्ता. पाण्याची बाटली काठावर हवीच; पाण्यातही घाम येतो, फक्त दिसत नाही.

आणि भीती बाळगायचीच तर पावसाळ्यातल्या मलप्रभा नदीची बाळगा. तिथं पट्टीचा पोहणाराही वाहून जातो, जेवलेला असो वा उपाशी.