येऊरच्या ओढ्यातले लोखंड आणि लोहाऱ्याची टेकडी

पाऊस सरला की येऊरच्या ओढ्यांत वाळूचे लहान पट्टे उघडे पडतात. कागदात गुंडाळलेला लोहचुंबक त्यावरून फिरवला की काळे बारीक कण मिशांसारखे उभे राहतात. पोरांचा हा खेळ पाहून कुणीतरी मोठे माणूस विचारतेच, म्हणजे ठाण्यात लोखंडाची खाण निघेल का हो?

निघणार नाही. ठाण्याच्या दगडात लोखंड नाही म्हणून मात्र नव्हे. येऊर, पारसिक, तुर्भ्याच्या दगडखाणी हा सगळा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा काळा कातळ, म्हणजे बेसाल्ट. १९१६ साली रेल्वेचा पारसिक बोगदा सुरू झाला तो याच कातळातून. त्याच्या वजनात दहा टक्क्यांच्या आसपास लोह असते. चुंबकाला चिकटतात ते त्यातलेच मॅग्नेटाइट या लोहखनिजाचे कण. माथेरानची तांबडी वाटही याच लोहाची: पावसाने बाकीचे धुऊन नेले, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिले आणि जांभा झाला. महाबळेश्वरच्या बाजूला धावड लोक अशा जांभ्यातून लोखंड गाळत असत. कोळशाला जंगल लागे. इंग्रजांनी जंगले राखीव केली आणि भट्ट्या विझल्या.

असे विखुरलेले लोह कारखान्याच्या कामाचे नाही. ते एका जागी साठावे लागते, आणि हे साठवणीचे काम पृथ्वीने फार पूर्वी, बहुतेक समुद्रातच उरकले. अडीचशे कोटी वर्षांपूर्वीच्या आगेमागे समुद्राच्या पाण्यात लोह विरघळलेले होते, कारण त्याला गंजवायला मोकळा ऑक्सिजन जवळजवळ नव्हता. प्रकाशावर जगणाऱ्या सूक्ष्म जीवांनी तो सोडायला सुरुवात केली तसे लोह गंजून तळाशी बसू लागले. मधूनमधून सिलिकाचे थर बसले. त्यातून तांबड्या, करड्या, काळ्या पट्ट्यांचा खडक तयार झाला. त्याला पट्टेदार लोहशैल म्हणतात. आपल्याकडचे भूवैज्ञानिक बोलताना सरळ ‘बीएचक्यू’ (बँडेड हेमॅटाइट क्वार्टझाइट) म्हणतात. त्यातही लोह बऱ्याचदा तीस-पस्तीस टक्केच. नंतरच्या काळात पाण्याने सिलिका धुऊन नेली अशा भागातच ते साठ टक्क्यांपलीकडे जाते. शोध घेणाऱ्याचे डोळे असतात ते या भागावर.

महाराष्ट्रात हा खडक लाव्ह्याच्या चादरीखाली न दबलेल्या दोन टोकांना दिसतो: पूर्वेला चंद्रपूर-गडचिरोली आणि दक्षिणेला सिंधुदुर्ग, जिथे रेडीची खाण आहे. चंद्रपुरातल्या लोहारा गावाचे तर नावच बोलते. १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली तेव्हा रूळ विलायतेतून आले होते. देशातच लोखंड करायचे हा ध्यास घेतलेल्या जमशेटजी टाटांच्या हाती १८८२ मध्ये फॉन श्वार्ट्झ या जर्मन तज्ज्ञाचा चांदा (आताच्या चंद्रपूर) जिल्ह्यावरचा अहवाल पडला. लोहाऱ्याचे खनिज उत्तम होते, पण जवळच्या वरोऱ्याच्या कोळशाचा कोक, म्हणजे लोखंड गाळायला लागणारा भाजलेला कोळसा, होईना. बेत अडला तो कोळशावर.

वीसेक वर्षांनी त्यांचे चिरंजीव दोराबजी अमेरिकी तज्ज्ञ वेल्ड यांना घेऊन पुन्हा त्याच मुलखात आले. खनिज चांगले, पण मोठ्या कारखान्याला पुरेल इतके नाही, असेच ठरले. नाद सोडतो आहोत हे सांगायला दोराबजी नागपूरला गेले आणि अधिकाऱ्याची वाट पाहताना समोरच्या संग्रहालयात शिरले. तिथल्या भूवैज्ञानिक नकाशावर आजच्या छत्तीसगडातल्या दुर्ग जिल्ह्यात लोहाची गडद खूण दिसली! तो मुलूख भूवैज्ञानिक प्रमथनाथ बोस यांनी १८८७ च्या सुमारास पाहून नोंदवला होता. हे दल्ली-राजहरा. तरीही टाटांचा कारखाना तिथे झाला नाही, कारण याच बोसांनी फेब्रुवारी १९०४ मध्ये ओडिशातल्या मयूरभंजच्या गोरुमहिसाणी डोंगरांबद्दल टाटांना पत्र लिहिले आणि ते डोंगर झरियाच्या कोळशाला जवळ होते. दल्ली-राजहराचे खनिज पुढे भिलाईला गेले, तेही स्वातंत्र्यानंतर.

म्हणून ‘खनिजाचा आढळ’ आणि ‘साठा’ हे शब्द एकाच अर्थाने वापरलेले पाहिले की मला खटकते. आढळ ही नुसती नोंद आहे. साठा म्हणायला पुढे शोधाच्या, ढोबळ जी-४ पासून तपशीलवार जी-१ पर्यंत, पायऱ्या चढाव्या लागतात: आधी टेहळणी, विमानातून चुंबकीय मोजणी, मग चर आणि खड्डे, मग ड्रिलिंग. ड्रिलमधून निघालेले, पेटीत ओळीने मांडलेले खडकाचे दांडे, म्हणजे कोअर, तपासल्याशिवाय खोलीचा अंदाज बांधता येत नाही, कारण वर टणक दिसणारे खनिज खाली गेल्यावर भुसभुशीत ‘ब्लू डस्ट’ होऊ शकते किंवा परत पट्टेदार खडक लागतो.

गडचिरोलीच्या एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडला तर खडकाइतकाच माणसांचा प्रश्न अवघड निघाला. त्या डोंगरात माडिया लोकांचा ठाकुरदेव आहे आणि दर जानेवारीत तिथे यात्रा भरते. २००७ मध्ये लॉइड्स मेटल्सला खाणपट्टा मिळाला, उत्खनन सुरू व्हायला २०१६ उजाडले, आणि त्याच डिसेंबरात नक्षलवाद्यांनी खनिज नेणारी सत्तरहून अधिक वाहने जाळली. आज त्या खाणीतून खनिज निघते आहे, गावांचा विरोधही पूर्ण मावळलेला नाही. इकडे कळंबोलीच्या स्टील मार्केटमध्ये ट्रकांची रांग लागलेली असते. तिथली सळई आणि पत्रा कुठल्या डोंगरातून आला, हे मात्र कुणी विचारत नाही.