बी कुठे धरतं ते पाहा

उत्तर अमेरिकेतल्या प्रेअरीच्या गवताळ माळांवर ऐन उन्हाळ्यात माणसाच्या उंचीची पिवळी फुलं नुसती माजलेली असतात. बरीचशी सूर्यफुलाच्या कुळातली आणि दिसायला एकाच माळेचे मणी. वनस्पतिशास्त्रज्ञांनीही वैतागून त्यांना एक शिवीवजा टोपणनाव ठेवलंय. या गर्दीतलं सिल्फियम, म्हणजे याच कुळातल्या जवळच्या जातींचा एक गट, कसं ओळखायचं? पाकळ्या मोजून काही हाती लागत नाही.

या कुळात आपण ज्याला एक फूल म्हणतो, तो असतो अनेक चिमुकल्या फुलांचा गुच्छ. कडेची प्रत्येक ‘पाकळी’ हे एक किरणपुष्पक, मधल्या तबकडीतली बिंबपुष्पकं. सूर्यफुलाची कडेची फुलं वांझ, बी भरतं ते मधे. सिल्फियमचा कारभार नेमका उलटा! एक पाकळी बुडापासून उपटून भिंगाखाली धरा. तळाशी चपटा किंजपुट (यातच बी तयार होतं) आणि त्यावर दुभंगलेली कुक्षी (पराग झेलणारं टोक) दिसेल. मधल्या फुलांत पराग भरपूर, पण कुक्षिवृंत, म्हणजे किंजपुटावरचा दांडा, न दुभंगलेला, बी धरण्याच्या कामाचा नाही. बहर ओसरल्यावर तर भिंगही नको. चपट्या, पंखासारखी कड असलेल्या बिया फक्त कडेला लागतात.

सिल्फियमची नेमकी कुठली जात, ही पुढची ओळख पानांवरून. त्यातल्या कप प्लांटचं खोड चौकोनी, समोरासमोरची पाने बुडाशी जुळून वाटी होते आणि तिच्यात पावसाचं पाणी साठतं. ही जात चुकणं कठीण.

कंपास प्लांट ही दुसरी जात. तिची पाने मोठी, खरखरीत, खोल कातरलेली. बुडाजवळची पाने उभी राहतात आणि त्यांच्या कडा साधारण उत्तर-दक्षिण असतात. सकाळ-संध्याकाळचं ऊन पानाच्या सपाट बाजूंवर पडतं, भर दुपारचं मात्र कडेवरून निसटतं. त्यामुळे पाणी कमी खर्ची पडतं. सावलीतल्या झाडावर मात्र दिशा शोधत बसू नये. हे झाड कित्येक दशकं जगतं, पण पहिली काही वर्षं नुसता पानांचा झुबका असतो, म्हणून फुलांची वाट पाहण्यापेक्षा पान ओळखायला शिकलेलं बरं. खोड दुखावलं की चिकट राळ पाझरते, हीही एक खूण.

सिल्फियमच्याच आणखी एका जातीपासून, सिल्फियम इंटेग्रिफोलियमपासून, बहुवर्षायू तेलबियांचं पीक घडवण्याचं काम कॅन्ससमधली ‘द लँड इन्स्टिट्यूट’ ही संस्था करते आहे. बी फक्त कडेला धरत असल्यामुळे तिथे निवड होते ती जास्त किरणपुष्पकं असलेल्या झाडांची.